'नो' म्हणजे 'नाही' नव्हे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इंग्रजीतल्या 'यस' आणि 'नो' या दोन शब्दांचा अर्थ प्रस्तुत लेखकास वयाच्या अडतिसाव्या वर्षी, अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावी, भर दुपारी समजला. तोवर तो हे शब्द दुसऱ्याला शिकवत होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. नवी यंत्रं जपानहून येत होती, आणि त्यांच्याबरोबर वर्षभरासाठी एक जपानी इंजिनिअरही आला. पहिल्याच आठवड्यात तो कॅफेटेरियात माझ्या डब्यासमोर येऊन उभा राहिला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "इथे फक्त तुमचंच इंग्रजी मला समजतं. शिकवाल?"

दिवसातून दहा वेळा 'पार्डन?' ऐकणाऱ्या माणसाला असं कुणी म्हटलं तर त्याचं काय होईल? मी त्याच क्षणी गुरुजी झालो. तो मला 'सेन्सेई' म्हणायचा, म्हणजे तेच.

दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत शिकवणी. मी हातातल्या पोळीचा तुकडा हवेत फिरवत उपदेश करायचो आणि तो चौकटीच्या वहीत बारीक पेन्सिलीने उतरवून घ्यायचा. डिक्शनरी पाठ करू नकोस. आधी जपानीत वाक्य जुळवून मग बोलू नकोस. रेडिओवरचं हवामान ऐक आणि मोठ्याने म्हण. चँडलरचं हवामान रोज एकच, त्यामुळे उजळणी झकास झाली.

एका मंगळवारी त्याने विचारलं, "सेन्सेई, 'डोन्ट यू लाइक फिश?' असं कुणी म्हणालं आणि मला मासे आवडत नसले, तर 'यस' म्हणू की 'नो'?"

"अगदी सोपं," मी म्हणालो. "समोरचा म्हणतो ते बरोबर असेल तर 'यस', चूक असेल तर 'नो'. आमच्या मराठीत बघ. 'तुला मासे आवडत नाहीत?' 'हो, नाही आवडत.'"

त्याचा चेहरा उजळला. जपानीतही हुबेहूब असंच! इंग्रजांनाही इतकी अक्कल आहे, याचा आम्हा दोघांना फार आनंद झाला. त्याने तो नियम वहीत चौकट काढून लिहिला.

पुढे काही महिन्यांनी बातमी फुटली की, आमच्या विभागातून एकाला सहा महिने जपानला पाठवणार. जो जाईल तो परत आल्यावर नवी लाइन सांभाळणार. मी आठ वर्षं एकाच यंत्रापाशी उभा होतो. माझ्यानंतर आलेले दोघं माझ्या पुढे गेले होते. मला जायचं होतं, आणि इतकं की मी घरी चॉपस्टिकने वरण-भात खायला लागलो होतो.

"अहो, तिथे जमिनीवर झोपतात म्हणे," बायको म्हणाली. "तुमच्या पाठीचं काय?"

"पाठ इथेच ठेवून जातो."

मीटिंगमध्ये शिष्य माझ्या शेजारीच बसला होता. मॅनेजर माझ्याकडे वळला. आम्ही नुकतंच घर घेतलं होतं, ते त्याला माहीत होतं. "यू डोन्ट वॉन्ट टु गो टु जपान, डू यू?"

माझ्या आत मराठी उसळलं: नाही हो, असं कसं, जायचंय की! तोंडातून बाहेर पडलं, "नो, नो, नो!"

"ग्रेट!" मॅनेजर खूश होऊन म्हणाला आणि त्याने कागदावर काहीतरी खूण केली. मीही खूश. शिष्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच टेबलाकडे.

दुसऱ्या दिवशी बायकोने मिल्क पावडरचे पेढे करून दिले. मी अख्ख्या विभागाला वाटले. शिष्याने दोन्ही हातांनी पेढा घेतला आणि मान खाली घालून खाल्ला. मला वाटलं, गुरूच्या भाग्याने गहिवरला.

शुक्रवारी नोटीस लागली. नाव दुसऱ्याचंच. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसलो. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "पण मी तुला विचारलं होतं. तू 'नो' म्हणालास. तीनदा." मग त्याने मला 'यस' आणि 'नो' समजावून सांगितलं: प्रश्न कसाही विचारलेला असो, जायचं असेल तर 'यस', नसेल तर 'नो'.

मी तडक कॅफेटेरियात गेलो. शिष्य एकटाच जेवत होता. "तुझी ती वही दाखव," मी म्हणालो.

त्याने हळूच पान उघडलं. माझा चौकटीतला नियम पट्टी लावून लाल रेघेने खोडला होता. खाली बरोबर नियम, सुवाच्य. दर गुरुवारी संध्याकाळी तो लायब्ररीत एका रिटायर्ड शिक्षिकेकडे जायला लागला होता. शेजारच्या तारखेवरून ती दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वीची होती.

जपान गेलं ते माझ्याच तोंडाने गेलं, ते मी गिळलं असतं. पण आठ मंगळवार हा माणूस माझ्यासमोर मान डोलावत होता. त्या तीन 'नो'चा अर्थ त्या खोलीत माझ्या बाजूने कळलेला हा एकटाच होता, आणि तोच गप्प बसला.

"दोन महिने!" मी ओरडलो. आजूबाजूचे काटे-चमचे थांबले. "शेजारी बसून ऐकलंस! एक कोपर मारता आलं नाही तुला? वर माझा पेढा खाल्लास!"

तो उठला. कान लालबुंद. पहिल्यांदाच वाकला नाही, वहीकडे पाहिलं नाही, मनात काही जुळवलंही नसावं. सगळ्या कॅफेटेरियाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"बट यू वेअर सो हॅपी टीचिंग मी!"