शरच्चंद्रांचे कंस

चुकलेलं वाक्य दिसलं की शरच्चंद्र खासगीवाल्यांच्या पोटात दुखायचं. सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला; ते निवृत्त झाले, पण हातातली लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. बडोद्यातल्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका छापण्याआधी त्यांच्याकडे यायच्या. एका नवरीच्या बापाला तर त्यांनी तासभर बसवून पटवून दिलं होतं, की मुलीचं नाव जन्मापासून चुकतंय. लहरीपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानाची पाटी ते रस्त्यात उभे राहून इतका वेळ वाचत राहिले, की दुकानदाराने आतून खुर्ची पाठवली.

जीव मात्र त्यांचा कंसात. वाक्य कितीही सरळ असो, त्याला कुठेतरी अपवाद असतोच आणि तो कंसात घातल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, असं त्यांचं ठाम मत. किराणा आणायला सांगितला तरी ते चिठ्ठीवर 'गूळ (पिवळा, नसल्यास आणू नये)' असं लिहायचे.

२००५ सालच्या उन्हाळ्यात डॉक्टर भक्ती शिर्के त्यांच्याकडे आली. ती लहान मुलांच्या वाढीचं एक छोटंसं केंद्र चालवायची. तिच्या हातात परदेशातून आलेली एक प्रश्नावली होती. दीड-दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आयांना साधे प्रश्न विचारायचे, त्यांनी 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं.

"काका, ऑटिझमची शंका वेळेवर यावी म्हणून ही चाळणी आहे," ती म्हणाली. "चाळणीत अडकलं म्हणजे मूल तसंच आहे असं नाही हं. नीट तपासायचं, एवढंच. पण जितकं लवकर कळेल तितकं मुलाला शिकवणं सोपं जातं. गुजरातीचं काम दुसरीकडे चाललंय. आपल्या मराठी घरांसाठी तुम्ही करून द्या ने."

"नुसतं भाषांतर?"

"नुसतं नको. आपल्या संस्कृतीला धरून करा."

हे बोलल्याचा तिला पुढे फार पस्तावा झाला.

पहिल्या खर्ड्यात शरच्चंद्रांनी लिहिलं, 'आपले अपत्य तर्जनीने इष्ट वस्तूचा निर्देश करते काय?' अर्थ वाटेत सांडला का हे बघायला मराठी मजकूर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत आणायचा, अशी या कामातली रीत. परत आला तेव्हा तो 'तुमचं मूल बोट नाचवून हुकूम सोडतं का?' असा झाला होता. बडोद्याजवळच्या छाणीतल्या एका आईने तर पहिलाच प्रश्न ऐकून घाबरून विचारलं, "ही कोर्टाची नोटीस आहे का?"

तेव्हा दुसरा खर्डा शरच्चंद्रांनी घरच्या बोलीत करायचं ठरवलं. घरात नमुनाही होता. त्यांचा मुलगा समरजित नंदेसरीच्या कारखान्यात पाळ्या करायचा. समरजित आणि मोहना यांचा मुलगा अडीच वर्षांचा झाला होता. गुटगुटीत, देखणं पोर. अजून एक शब्द बोललं नव्हतं.

"समरजितसुद्धा उशिराच बोलला," शरच्चंद्रांच्या पत्नी सुहासिनीबाई म्हणायच्या.

मोहनाने मात्र दोनदा विचारलं होतं, "बाबा, भक्तीताईंना एकदा दाखवू या का याला?" आणि दोन्ही वेळा शरच्चंद्र म्हणाले होते, "आधी प्रश्नावली होऊ दे. मोजपट्टीच तयार नाही, तर मोजणार कशाने?"

मग ते रोज सकाळी चहा झाल्यावर घरच्यांना प्रश्न विचारायला बसू लागले.

"हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का?"

"बोटाने कशी दाखवेल?" सुहासिनीबाई म्हणाल्या. "मागे दुधीचा वेल आहे. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं. मीच दटावून ठेवलंय त्याला."

"मग पाणी हवं असलं की काय करतो?"

"माझं मनगट धरतो आणि नेऊन माठावर ठेवतो," मोहना म्हणाली. "माझ्याकडे बघत नाही, बाबा. जशी काही ती पळीच आहे, माझा हात नाही."

शरच्चंद्रांनी क्षणभर पेन्सिल दाताखाली धरली. मग समासात दुधीचं कारण टिपून प्रश्नापुढे लिहिलं: (बोटाने, मुठीने, वडीलधाऱ्यांचे मनगट धरून किंवा अन्य मार्गाने).

नजरेला नजर देतो का, या प्रश्नाला ते स्वतःच म्हणाले, "मोठ्यांच्या डोळ्याला डोळा लावणं आपल्यात उद्धटपणाचं समजतात." तिथे कंस पडला: (डोळ्यांत अथवा चेहऱ्याच्या आसपास).

एकच वस्तू पुन्हा पुन्हा फिरवत बसतो का, हे विचारलं तेव्हा नातू पतंगाची रिकामी फिरकी जमिनीवर ठेवून फिरवत होता. सकाळपासून. पुढ्यातलं दूध गार होऊन त्यावर साय धरली होती. शरच्चंद्रांनी लिहिलं: (उत्तरायणाचे दिवस वगळून).

"पतंगांचं उत्तरायण जानेवारीत असतं. हा ऑगस्ट आहे, बाबा," मोहना म्हणाली.

त्यांनी 'दिवस' खोडून 'मागचे-पुढचे सात महिने' असं केलं.

सगळ्यांत घोळ नावाचा झाला. नावाने हाक मारल्यावर वळून बघतो का, असा प्रश्न होता. आता नातवाचं नाव लक्ष्मण, म्हणजे शरच्चंद्रांच्या वडिलांचं. सासऱ्यांचं नाव कसं घ्यायचं, म्हणून सुहासिनीबाई त्याला 'राजा' म्हणत. सासूबाईंपुढे बरं दिसत नाही, म्हणून मोहना 'सोन्या' म्हणायची. शेजारच्या बेन 'दीकरा' म्हणायच्या, पाळीवरून आलेला समरजित 'काय साहेब' म्हणायचा. आणि खुद्द शरच्चंद्रांना वडिलांना अरेतुरे केल्यासारखं वाटायचं, म्हणून ते अडीच वर्षांच्या पोराला 'अहो' म्हणून हाक मारायचे. बारशानंतर लक्ष्मणला लक्ष्मण म्हणताना कुणी ऐकलंच नव्हतं.

"त्याला नावच माहीत नाही, तर तो वळेल कसा?" शरच्चंद्र विजयी मुद्रेने म्हणाले आणि त्यांनी लिहिलं: (नावाने, नाव घेण्याची पद्धत नसल्यास कोणत्याही आवाजाने). "आवाजाला वळतो ना?"

"कुकरच्या शिट्टीला वळतो," मोहना म्हणाली.

"मग झालं! हो."

सुहासिनीबाई भाजी निवडता निवडता वैतागल्या. "घरात बाळकृष्णासारखं पोर, आणि तुम्ही रोज नवा कंस आणून त्याच्यापुढे बसवताय!"

शरच्चंद्र खूष होऊन हसले. मोहना हसली नाही. सगळ्या प्रश्नांना मिळून नातू उत्तम गुणांनी पास झाला होता. दाखवायला न्यायचं कारणच उरलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर भक्तीने त्यांना केंद्रात बोलावून घेतलं.

"काका, तुमची प्रश्नावली मी इथल्या मुलांवर लावून बघितली. त्यांतल्या बऱ्याच मुलांचं निदान आधीच पक्कं झालेलं आहे. सगळी पास."

"वा!"

"वा काय? ती अडकायला हवी होती." तिने एक कोरी प्रत पुढे ओढली आणि टेबलावरच्या मान फिरवणाऱ्या पंख्याकडे हात केला. "समजा, याची आई मी. विचारा मला."

"भक्ती, हे काय..."

"विचारा हो."

शरच्चंद्रांनी घसा साफ केला. "डोळ्यांत अथवा चेहऱ्याच्या आसपास बघतो का?" पंखा त्यांच्या तोंडावरून वारा घालत पलीकडे गेला.

"हो."

"हवी ती वस्तू बोटाने, मुठीने, मनगट धरून किंवा अन्य मार्गाने मागतो का?"

"वीज मागतो. वायरीने. अन्य मार्गात बसतं."

"गोल फिरवण्याचं..."

"फार वेड आहे, पण उत्तरायणाच्या मागे-पुढे सात महिनेच."

"कोणत्याही आवाजाने..."

भक्तीने टक् करून बटण दाबलं. पंखा थांबला. "ऐकतो की! अगदी आज्ञाधारक. काका, पंखा पास."

शरच्चंद्रांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "थट्टा करू नकोस. एकेका कंसाला आपल्या रीतीभातींचा आधार आहे."

"काहींना आहे, नाही म्हणत नाही. दुधीचं मला सुचलंच नसतं. 'वेलीवरचं फळ सोडून' असं मी आयांना विचारीन. पण मोठ्या माणसाचं मनगट अवजारासारखं वापरणं? जी खूण शोधायला ही चाळणी केली, तिलाच तुम्ही भोक पाडून दिलंत. कुठल्या संस्कृतीवरून घेतलंत हे?"

"आपल्याच."

"वय काय त्या संस्कृतीचं?"

"अडीच वर्षं," शरच्चंद्र म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. प्रश्नावलीवरचा आपला हात त्यांनी हळूच काढून घेतला. भक्ती हसेल असं त्यांना वाटलं. ती हसली नाही.

"आता जवळजवळ तीन," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"घेऊन या," ती म्हणाली.

घरी येऊन त्यांनी मोहनाला स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितलं. मग उगाच पुढे बोलत राहिले, "नावाचंच काय ते आहे. त्याला नावाची सवय लावली की..."

"बाबा," मोहना म्हणाली, "तुम्ही दोघं देवळात गेलात की मी त्याला लक्ष्मण म्हणून हाक मारते. राजा म्हणून मारते. अहो म्हणूनसुद्धा मारून बघितली. एकदा तर शेजारच्या कुत्र्याच्या नावाने मारली."

"मग?"

"कुत्रा आला."

शरच्चंद्र पाटावर बसले. त्यांना हसू येईना आणि दुसरं काही करताही येईना.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून केंद्रात गेले. भक्तीने मूळ प्रश्न साध्या मराठीत विचारायला सुरुवात केली. "नावाने हाक मारल्यावर बघतो का?"

"त्याचं असं आहे," सुहासिनीबाई पुढे सरकल्या, "आमच्याकडे सासऱ्यांचं नाव..."

"नाही," शरच्चंद्र म्हणाले. "बघत नाही."

भक्तीचं पेन कागदावर अधांतरी राहिलं. ती अजून काहीतरी येण्याची वाट बघत होती.

"एवढंच आहे," ते म्हणाले. "पुढचं विचार."

तिने पुढचं विचारलं. काहींना मोहनाने 'हो' म्हटलं. बऱ्याच प्रश्नांना शरच्चंद्र 'नाही' म्हणत गेले, आणि दर वेळी सुहासिनीबाई त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, जसा काही नातवावर आरोपच ठेवला जात होता. शेवटी भक्तीने कागद बाजूला ठेवला आणि खाली वाकून लक्ष्मणशेजारी जमिनीवर बसली. अजून बऱ्याच तपासण्या करायच्या आहेत, तिने सांगितलं. पण त्या होईपर्यंत त्याच्याबरोबर खेळून खेळून शिकवायला थांबायचं कारण नाही.

"मंगळवारपासून जमेल?"

"आज आलोच आहोत," मोहना म्हणाली आणि तीही खाली बसली. "आजपासूनच करू या ना."