सांगाव्याची भाकर

घर सोडायच्या दिवशी आमच्या घरच्या बाईनं दोनच हट्ट केले. नातवाला अजून थोडा वेळ मांडीवर घेऊ द्या, हा एक. आणि तवा मी नेणार, हा दुसरा.

सून म्हणाली, "आत्या, तवा नेल्यावर मी भाकरी कशावर टाकू?"

"नवा आण. महिनाभर भाकर चिकटंल, मग सोडंल. तुझं वय हाय नवा तवा वळणावर आणायचं. माझं न्हाई."

पोरगा दारात उभा होता. पिंपरीला औषधाची कंपनी नवीनच निघाली होती, तिथं तो लागला होता. कामाला जायची वेळ झाली तरी त्याचा पाय निघेना. म्हणाला, "दादा, ह्या वयात लोक घरात येऊन बसत्यात. तुमी घरातनं उठताय."

मी म्हणालो, "बसायला मला काय झालंय?"

कासारवाडीला रुळाच्या अंगाला आमची खोली होती. देहूरोडच्या डेपोत ओझी वाहून मी ती बांधली होती. डेपोतलं काम नुकतंच सुटलं होतं. दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं, आमचे साहेबही जाऊन वर्ष झालं होतं. देहूरोडच्या विहारात एका रविवारी मोठ्या मंडळींनी विषय काढला. चाकणच्या पलीकडं भामा नदीच्या अंगाला आपली एक वस्ती आहे, दीक्षेला सगळे आले, पण घरी जाऊन पुन्हा तेच देव, तीच गावकी, तीच मेलेली ढोरं ओढणं. तिथं जाऊन राहील असं कुणीतरी पाहिजे. तरण्यांना नोकऱ्या, लेकरं. कुणी उठेना. मग मी उठलो.

उठलो तो नुसता उठलो नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलून बसलो, "वस्ती वंदनेला बसल्याबिगर मी माझ्या घरचा उंबरा चढणार नाही." टाळ्या पडल्या. ही बायकांच्या बाजूला बसली होती. माझा शब्द तिला सगळ्यांबरोबरच कळला.

घरी येताना रुळाकडेनं चालत होतो. ती म्हणाली, "त्या उंबऱ्यात माझा पण पाय हाय. इच्यारायचं तरी."

"तू राहा घरी. मी जातो एकटा."

"आणि भाकर कोण थापंल तिथं? भिंत?"

झालं. दोघं निघालो.

चाकणपर्यंत एसटी, पुढं पायी. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठावर. आम्हाला जी जागा मिळाली तिथं आधी शेरडं बांधत. हिनं ती शेणानं सारवली, मी वर पाचट घातलं. भिंतीला दोन तसबिरी लावल्या, एक बुद्धाची, एक साहेबांची. दिवस मावळायला मेणबत्ती लावायची, मी पुढं बोलायचं, तिनं मागून बोलायचं. दोघांचीच वंदना. सुरुवातीला पोरं येऊन दाराशी बसली, तर त्यांच्या आया हाका मारून त्यांना घेऊन गेल्या.

वस्तीतली माणसं वाईट नव्हती. तोंडावर कुणी वाकडं बोललं नाही. पण आम्ही दिसलो की वाट बदलायची. एक वयस्कर कारभारी होता, तेवढा स्पष्ट बोलायचा.

"बोवा, तुमचं सगळं खरं हाय," तो म्हणायचा.

"मला बोवा म्हणू नका."

"बरं, न्हाई म्हणत. पण गावाचं काम सोडा म्हणताय, हलगी सोडा, सांगावा सोडा. सांगावा सोडला की सांगाव्याची भाकर गेली. तुमचं पोरगं कंपनीत हाय. आमच्या पोरांला काय वंदना खाऊ घालू?"

मी त्याला साहेबांचं सांगायचो. मान ताठ ठेवायचं सांगायचो. तो बिडी ओढत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मान ताठ झाली की पोट दिसतं, राव."

सांगावा म्हणजे काय ते आताच्या पोरांना ठाऊक नसेल. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना ती खबर आमच्या माणसानं न्यायची. ऊन असो, पाणी असो. दुसऱ्या कुणी नेली तर त्याला अपशकुन. आणि खबर नेली की त्या घरानं दारात भाकर ठेवायची, ती उचलून माघारी यायचं. तो आमचा हक्क म्हणे! मी वस्तीला सांगितलं होतं की हा हक्क नव्हे, हे जोखड आहे. आजही तेच सांगतो.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. वस्ती काही बसेना. मला त्याचं एवढं नव्हतं, मी हट्टाचा माणूस. पण ही आत आत गप्प होत चालली. कासारवाडीला रुळावरून गाडी गेली की आमची भांडी वाजायची. ती एकदा म्हणाली, "इथं भांडी पण बोलत न्हाईत." दुसऱ्या खेपेला म्हणाली, "आता तो रांगत असंल." शब्द मी दिला होता.

सगळ्या गावात तिच्याशी बोलणारं एकच माणूस होतं, पाटलाची म्हातारी आई. नदीवर वरच्या अंगाला ती गोधड्या बडवून घेत बसायची, खालच्या अंगाला ही धुणं धुवायची. मधे विटाळाचं अंतर, पण म्हातारीचा आवाज मोठा.

"तू तिकडचीच ना गं? माझी लेक भोसरीला दिलीया. पाण्याचं हाल हाईत का गं तिकडं?"

"न्हाई, आता हिरी झाल्यात."

"मग बरं. लेक काय मला सांगत न्हाई. आईला वाईट वाटंल म्हणून."

घरी येऊन ही मला हे सगळं सांगायची. मी म्हणायचो, "बोलते ती, पण अंतर ठेवून." ती म्हणायची, "अंतर ठिवून का हुईना, बोलती."

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी ती म्हातारी गेली. पाटलाचा गडी वस्तीत आला, कारभाऱ्याच्या दाराशी उभा राहून ओरडला, "भोसरीला सांगावा न्यायचाय! माणूस द्या!"

माणसं बाहेर आली. सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं झालो.

"इथनं पुढं सांगावा जाणार नाही. गावात सायकली आहेत, चाकणला एसटी आहे. तुमचा माणूस पाठवा."

"तू कोण रं मधी बोलणार, म्हाताऱ्या?"

"अहो म्हण. मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे."

गडी वरमला नाही, पण आवाज खाली आला. "आमच्यातलं कोण जाणार सांगावा घेऊन? न्हाई कुणी गेलं तर लेकीला आईचं तोंड दिसायचं न्हाई. दुपारपातूर उचलणार."

मी म्हणालो, "न्हाई म्हणजे न्हाई."

तो कारभाऱ्याकडं बघायला लागला, कारभारी जमिनीकडं. मी मागं वळलो तर ही दारात उभी. डोक्यावर पदर घेतलेला, पायात वहाणा. वहाणा ती बाजाराच्या दिवशीच घालायची.

"मी जाते," ती म्हणाली.

"कुठं?"

"भोसरीला."

"बाईमाणूस सांगावा घेऊन जातं का कधी?"

"म्हणून तर जाते. ही काय गावकी न्हाई. बाई माझ्याशी बोलत व्हती."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गेलीस तर आजवरचं सगळं पाण्यात गेलं समज." माझ्या मनात दुसरंच होतं. भोसरीपासून कासारवाडी हाकेच्या अंतरावर. एकदा नातवाला मांडीवर घेतलं की ही माघारी येणार नाही, हे मला दिसत होतं. तिला दोषही देता आला नसता. उंबऱ्याचा शब्द माझा होता, तिचा नव्हता.

ती गेली. वळून पाहिलं नाही. मी पण वाटेकडं पाठ करून बसलो.

दुपार कलताना कांद्याचा एक ट्रक गावात आला. त्यात भोसरीची लेक, तिचा नवरा, सासरची चार माणसं. लेकीचा हंबरडा वस्तीपर्यंत आला. आमची मात्र ट्रकात नव्हती. म्हातारीला नेलं, धूर नदीवर आला. मी उठून मेणबत्ती लावली. वंदना म्हणायला लागलो आणि मधेच थांबलो. मागून आवाज नाही. इथं आल्यापासून माझ्या एकट्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तो भिंतीला लागून परत येत होता. मग मेणबत्ती विझवून तसाच पडून राहिलो. चूल थंड होती. तवा पालथा घातलेला होता. तवा नेलेला नाही एवढं बघून मनाला थोडा धीर आला, पण तव्याचं काय, सुनेकडं नवा होताच.

सकाळी कारभाऱ्याची बायको दाराशी आली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा.

"दादा, खरं का वो?"

"काय?"

"तुमच्या बाईनं भोसरीला भाकर घेतली न्हाई म्हणं."

मला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं. पाटलाच्या घरी लेक रडता रडता सांगत होती. सांगावा घेऊन बाई आली. सासूनं रीतीनं दारात भाकर ठेवली. बाई म्हणाली, उचला ती. सासू म्हणाली, सांगाव्याची भाकर घेतली न्हाई तर आमच्या घराला वाईट. बाई म्हणाली, मी सांगायला आले, मागायला न्हाई. तुमच्या सुनेची आई माझ्याशी बोलायची म्हणून आले. ट्रकात मागं कांद्यावर बस म्हणाले, तर म्हणाली, तुमी व्हा पुढं, तुमाला घाई हाय. आणि चालत निघाली.

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"ते काय तिला ठावं न्हाई."

उन्हं डोक्यावर आली तेव्हा वस्तीतल्या बायका वाटेवर उभ्या होत्या. मी घरातच बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "आली गं, आली!" तरी मी उठलो नाही. ती आत आली, वहाणा काढल्या. पाय सुजले होते. मी माठातलं पाणी काढून दिलं. पाणी आजवर मी कधी दिलं नव्हतं.

"जेवलीस का?"

"कुठं जेवणार? चाकणला कांद्याच्या वखारीच्या ओट्यावर पडले. एका बाईनं गूळ दिला."

"कासारवाडीला गेली न्हाईस?"

"गाडीची शिट्टी ऐकू आली," ती म्हणाली. "फाट्यावर उभी राह्यले थोडा येळ. गेले असते तर सगळी म्हणाली असती, म्हातारी नातवासाठी आली, सांगाव्याचं निमित्त. मग त्या भाकरीला न्हाई म्हणून काय उपेग?"

त्या दिवशी मावळतीला मेणबत्ती लावली, तर कारभाऱ्याची बायको येऊन बसली. तिच्या मागनं आणखी दोघी. कारभारी बाहेर बिडी ओढत उभा. ती बाई हिला म्हणाली, "म्या पण भाकर उचललीया गं दारातली. नवरा आजारी व्हता तवा. कुत्र्याच्या आधी पोचावं लागतं." मग वंदना झाली. पाच-सहा आवाजांची.

पण सगळी वस्ती बसायला त्यापुढं अख्खा पावसाळा गेला. पुढच्या मयतीला गावानं सायकलवर माणूस पाठवला. मी अजून म्हणतो, तिनं जायला नको होतं. न जाताही वस्ती बसली असती, उशिरा का होईना. हे मी तिला पण सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "बसली असती. तुमी म्हणताय म्हणजे बसलीच असती."

दिवाळीच्या सुमारास आम्ही घरी आलो. उंबऱ्यावर सून उभी होती, तिच्या पदराआड नातू. चालायला लागला होता. हिनं हात पुढं केले. पोरानं तिच्याकडं बघितलं, मग आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि जोरात रडायला लागलं.

सून म्हणाली, "अरे, आजी हाय ती. जा की."

"राहू दे," ही म्हणाली. "वळख न्हाई त्याला."

आत गेलो. सून पुन्हा भाकरीला बसली. नवा तवा काळाभोर झाला होता, भाकर टम्म फुगून अलगद सुटत होती. हिनं ते बघितलं. पिशवीतनं आपला तवा काढला, चुलीपासून लांब भिंतीला टेकून उभा केला आणि दाराशी जाऊन बसली. बाहेर रुळावरून गाडी गेली. फळीवरची भांडी वाजली.