सरांच्या मेलला गेलेलं उत्तर

शेळगावच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांना मेलचं खातं मीच काढून दिलं. निवृत्तीनंतर त्यांना कुणाला तरी लिहीत राहायचं होतं. मी बारामतीत नोकरीला, सापडलो. दर आठवड्याला त्यांची दोन-दोन पानांची मेल यायची, स्वल्पविरामासकट शुद्ध इंग्रजीत.

मेलच्या तळाशी तीन तयार उत्तरं असायची. आपण फक्त बोट टेकवायचं. ‘थँक्यू’, ‘नोटेड’, ‘ग्रेट’. माणसाच्या आळसाची एवढी सोय आजवर कुणी केली नव्हती. मी ती सोय मनसोक्त वापरली. मेल उघडायची, पहिली ओळ बघायची, बोट टेकवायचं आणि आपण संबंध जपतो म्हणून स्वतःवर खूश व्हायचं.

एकदा बारामतीच्या स्टँडवर शेळगावचे एक आबा भेटले. म्हणाले, “काकींच्या दहाव्याला तुमी दिसला न्हाय.”

“कुठल्या काकी?”

“सरांच्या. पंधरा दिस झालं की.”

तिथंच फोन काढला. सरांनी कळवलं होतं. पहिल्या ओळीत नेहमीसारखी माझी खुशाली विचारली होती, चौथ्या ओळीत बायको गेल्याचं लिहिलं होतं. खाली माझं उत्तर होतं: ‘ग्रेट, थँक्स फॉर द अपडेट.’ गेलेली मेल परत घ्यायचीही सोय असते म्हणे, पण काही सेकंदांपुरतीच. तेवढ्यात लाज वाटली तर वाटली.

तसाच शेळगावची एसटी पकडून गेलो. सर ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो, म्हणालो, “सर, मी वाचलंच नव्हतं.”

“ते कळलं,” ते म्हणाले. “उत्तर लगेच आलं. वाचून लिहिणाऱ्याला वेळ लागतो.”

“चुकलं माझं.”

“आधीच्या तरी वाचल्यास का?”

 त्यांनी मला फोन काढायला लावला आणि म्हणाले, “पहिल्यापासून वाच. मोठ्यानं.”

पन्नाशीला आलेला मी, वर्गातल्यासारखा उभा राहून वाचत होतो. तिसऱ्या मेलमध्ये काकींच्या तपासण्यांचं आलं. पाचव्या मेलमध्ये सरांनी विचारलं होतं, ‘तुझ्या ओळखीत कुणी चांगले डॉक्टर आहेत का?’ त्याखाली माझं ‘नोटेड’ होतं.

मी वाचायचं थांबलो. सर दाराकडं बघत होते.

“पुढं वाच,” ते म्हणाले.