कब्जेदार यांस

एडिनबरा सोडून लंडनला निघालो त्या दिवशी सामानाची व्हॅन सकाळीच पुढे गेली होती आणि मी आमच्या जुन्या डिझेल गाडीत मांडीवर फाइल घेऊन बसले होते. फाइलमध्ये गाडीचा इन्शुरन्स, रोड टॅक्स भरल्याची प्रिंट, एडिनबराच्या कौन्सिल टॅक्सची, म्हणजे तिथल्या घरपट्टीची बिलं आणि आम्हा दोघांचे व्हिसा. मागे वळून पाहावं, डोळे पुसावेत, असं काही सुचलंच नाही. ज्या शहराने मला पहिली नोकरी दिली, एक्स-रे काढताना उलट माझाच हात थोपटणाऱ्या म्हाताऱ्या दिल्या, ते शहर सोडताना माझ्या डोक्यात एकच विचार होता: बॉर्डरवर काय विचारतील?

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हसलं तरी माझी हरकत नाही.

मिलिंद, माझा नवरा, पुण्याचा. त्याच्या मावसभावाने एमएच-बाराची गाडी बंगळुरूला नेली, तर तिकडच्या पोलिसांनी त्याला अडवून अडवून बेजार केलं आणि शेवटी तिथला टॅक्स नव्याने भरायला लावला. राज्य बदललं की टॅक्स बदलतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग स्कॉटलंडहून इंग्लंडात जायचं म्हणजे केवढं! म्हणून सीमेची पाटी दिसली तशी मिलिंदने शहाण्यासारखी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघं खाली उतरून उभे राहिलो. समुद्राकडून बोचरा वारा येत होता. झेंडे फडफडत होते. कुणी म्हणता कुणी आलं नाही. शेवटी कुत्रं फिरवणारी एक बाई थांबली. तिला वाटलं आम्ही फोटोसाठी ताटकळतोय. तिने हौसेने फोटो काढून दिला. त्यात मिलिंद कसाबसा हसतोय आणि मी फाइल छातीशी धरून उभी, तोंडावर बारा वाजलेले. तो फोटो अकोल्याला बाबांना पाठवला. ते एवढंच म्हणाले, "फाइल नीट धरली. बरं केलं."

रोड टॅक्स देशभर एकच असतो, हे मला नंतर कळलं. पण हेही कळलं की लंडनमध्ये आमच्यासारखी जुनी डिझेल गाडी बाहेर काढली की त्या दिवसाचे वेगळे पैसे लागतात, आणि आम्ही शहरात शिरलो तेव्हाच खांबावरच्या कॅमेऱ्याने आमचा नंबर टिपला होता. म्हणजे नाका होता, फक्त नाक्यावर माणूस नव्हता. मिलिंदने पैसे भरले, पुढे गाडीही विकली. माझं भेव मात्र वाढलं. माणूस असला तर त्याच्या तोंडाकडे बघून कळतं तरी, तो रागावलाय की सोडून देणार आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाकडे काय बघणार?

आणि तेव्हा भ्यायला कारणही होतं. पुढच्या वर्षी आमचा आयएलआरचा अर्ज होता, म्हणजे या देशात कायमचं राहण्याची परवानगी. इतकी वर्षं दुसऱ्यांची हाडं तपासून, रात्रपाळ्या करून जे उभं केलं होतं, ते एखाद्या राहून गेलेल्या कागदावरून आडवं होईल, असं मला सारखं वाटायचं. मिलिंद म्हणायचा, "अगं, कौन्सिल टॅक्स आहे, समन्स नाही." त्याचं काय जातंय? त्याच्या घरी पाकीट आलं की लग्नाची पत्रिका निघायची.

लंडनच्या कडेला पिनरमध्ये भाड्याचं घर मिळालं. छोटं, पण मागे सफरचंदाचं झाड. इथे कौन्सिल बदलली की घरपट्टीचं गणितच बदलतं. एडिनबराला पाण्याचे पैसे त्याच बिलात यायचे, इथे पाण्याचं बिल वेगळं. माझ्यासोबत काम करणारी एक जण पलीकडे ईस्टकोटला राहते, चालत जाण्याइतकं जवळ, घर आमच्याएवढंच. पण तिची कौन्सिल दुसरी म्हणून तिची पट्टी कमी. आपल्याकडे घरपट्टी घराचा मालक भरतो, इथे राहणारा भरतो. हे सगळं मला पाठ होतं. घराच्या एजंटने सांगितलं, कौन्सिलला आम्ही कळवतो, तुमच्या नावाने बिल येईल. मी रोज कामावरून आल्यावर दारातल्या मॅटवर माझ्या नावाचं पाकीट शोधायचे. ते काही येईना. येत होती ती वेगळीच पाकिटं. त्यांवर नावच नसायचं. नावाच्या जागी छापलेलं असायचं: द ऑक्युपायर.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. मिलिंदही तेच म्हणाला असता, म्हणून त्याला दाखवलीच नाहीत.

अकोल्याला आमचं घर विहाराच्या मागच्या वस्तीत होतं. दोन खोल्या. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. हप्ता हातात पडला की आधी घरपट्टीचे पैसे बाजूला निघायचे, मग किराणा, मग आमची फी. पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी ट्रंकेत सगळ्यात खाली. मी शाळेत होते तेव्हा रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेची जीप आली, मागून बुलडोझर. बाबा पावत्या डोक्याच्या वर धरून दारात उभे राहिले. साहेब नोटीस पुढे करत होते आणि बाबा दोन्ही हात वरच ठेवत होते. आम्हाला त्यांनी आधीच बजावलं होतं: "नोटीस हातात घ्याची नाही. घेतली का लागू झाली." मग त्या माणसांनी खळ लावून नोटीस आमच्या दारावरच चिकटवली. मला नुकतेच मोठे मोठे शब्द वाचता यायला लागले होते. मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "अनधिकृत कब्जेदार यांस." आईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

पुढची खोली गेली, मागची राहिली. बाबा मात्र पुढे कित्येक वर्षं दोन्ही खोल्यांची पट्टी भरत राहिले. लोक म्हणायचे, पाडलेल्या खोलीची कशाला भरता? बाबा म्हणायचे, "पावतीवर आहे ना? मंग आहे."

कॉलेजात इंग्रजी डिक्शनरीत पाहिलं होतं: ऑक्युपायर म्हणजे कब्जेदार. तो शब्द पिनरमध्ये माझ्या दारात येऊन पडायला लागला तेव्हा मला ती खळ लावलेली नोटीसच दिसायला लागली. मी एकही पाकीट फोडलं नाही. चिमट्यात धरल्यासारखं उचलायचे आणि चपलांच्या कपाटात मागे सारायचे. शिकलेली बाई, हॉस्पिटलात चार माणसं माझ्या हाताखाली, आणि घरी हे धंदे! पण खरं सांगते, हातात घेतली की लागू झाली, यावर माझा विश्वास होता. आजही थोडा आहे.

त्या उन्हाळ्यात बाबा आले. आई गेल्यापासून ते एकटेच होते, पहिल्यांदाच विमानात बसले होते. दुसऱ्या दिवशी चपला ठेवायला त्यांनी कपाट उघडलं आणि तसेच वाकून उभे राहिले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी पाकिटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून म्हणाले, "फोडलं नाही ना एकबी?"

"नाही बाबा."

"बरं केलं."

झालं! म्हणजे चोराच्या जोडीला चोर. त्या दिवसापासून आम्ही बापलेक पोस्टमनची चाहूल लागली की स्वयंपाकघरात जायचो. बाबांना पाहून मला धीर यायच्या ऐवजी रडू यायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस सात समुद्र पार करून लेकीकडे आला, आणि इथेही दाराला भिऊन बसलाय. हेच दाखवायला बोलावलं का मी त्यांना?

मग दार वाजलं. मिलिंद ऑफिसला होता, माझी सुट्टी होती. मी वरच्या खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र लटकवलेली, पांढऱ्या केसांची एक बाई, हातात टॅब. पुन्हा दार वाजलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. आयएलआर गेला. घर गेलं. आता बाबांसमोर ही बाई काय काय बोलणार! मी जिन्यावर बसूनच राहिले आणि बाबा माझ्या बाजूने खाली उतरून गेले. त्यांच्या हातात ती प्लॅस्टिकची पिशवी होती. अकोल्याहून आणली होती त्यांनी. हीथ्रोवर पासपोर्ट दाखवतानाही काखेत असणार.

त्यांनी दार उघडलं, पावत्या बाहेर काढल्या आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. "टॅक्स पेड, मॅडम. ऑल पेड. बोथ रूम."

मी धडपडत खाली गेले. ती बाई गोंधळली होती, पण हसली नाही. तिने विचारून त्यांच्या हातातली एक पावती घेतली, त्यावरचे मराठी आकडे आणि निळा शिक्का नीट पाहिला आणि मला विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. आमचं घर आहे, पुढची खोली आता नाहीये. एवढंच सांगितलं. नळ सुटल्यासारखी रडले मी त्या अनोळखी बाईसमोर. मग चपलांचं कपाट उघडून ती सगळी पाकिटं तिच्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, ऑक्युपायरला तुम्ही बाहेर काढणार का?

ती दाराच्या पायरीवर खाली बसली. "ऑक्युपायर म्हणजे इथे जो कोणी राहतो तो," ती सावकाश म्हणाली. "दॅट्स जस्ट यू, डार्लिंग. नाव माहीत नाही म्हणून तसं लिहितो आम्ही. तुमचं नाव काय?"

एजंटकडून कौन्सिलला कळवायचं राहूनच गेलं होतं. नाव माहीत नव्हतं आणि ते विचारायला ती पाकिटं येत होती, बस्स. तिने दारातच माझं नाव टॅबवर घातलं, स्पेलिंग दोनदा विचारून. राहिलेली पट्टी हप्त्याहप्त्याने भरता येईल, म्हणाली. व्हिसाचा या पट्टीशी काही संबंध नाही, असंही म्हणाली. जाताना पावती बाबांना दोन्ही हातांनी परत दिली. बाबांनी दार लावलं आणि मला म्हणाले, "काऊन भेत होतं वं?" मग आम्ही दोघं इतके हसलो की पोटात दुखायला लागलं.

बिल आलं ते बाबा इथे असतानाच. त्यांनी चष्मा लावून माझं नाव बोट ठेवून वाचलं आणि त्याची एक प्रत मागून घेतली. ती आता अकोल्यात त्याच पिशवीत आहे, पाडलेल्या खोलीच्या पावत्यांवर. पुढे आमचा अर्ज मंजूर झाला. लोक विचारतात, आता भेव गेलं का? कुठलं जायला! तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, मला घराचं एवढंच कळलंय: ज्या दारावर थाप पडली की ती आपल्या छातीत वाजते, ते आपलं घर. अकोल्याचं दार वाजलं असं बाबा फोनवर म्हणाले तरी मी इथे ताठ होते. पिनरचं वाजलं तरी होते. मला दोन घरं आहेत, हे मला असं भिऊन भिऊनच कळलं.

परवा मॅटवर पुन्हा एक पाकीट पडलं होतं. वर तेच, द ऑक्युपायर. छातीत धस्स झालं. पण तिथेच उभी राहून मी ते फाडलं. आत नव्या पिझ्झाच्या दुकानाचं कूपन निघालं. मी तशीच बाबांना फोन लावला. "बाबा, कब्जेदाराच्या नावानं पिझ्झा आलाय."

मी कूपनवरची ऑफर त्यांना वाचून दाखवली.

"घे ना माय," बाबा म्हणाले. "तुयंच आहे थे."