अर्ध्या घराचा पंचनामा

ती घटना इतक्या वर्षांनंतरही माझा पिच्छा सोडत नाही, आणि तिची सुरुवात माझ्याच चुकीनं झाली हे आधीच कबूल केलेलं बरं. निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींमध्ये साहेब सहसा चुकत नाहीत. मी चुकलो होतो, आणि चांगलाच चुकलो होतो.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. पोलादपूर भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. मे महिना संपत आलेला. आंबेनळीच्या रस्त्यावरून वर चढणाऱ्या एका वाडीतून दुपारी निरोप आला की घरामागची दरड कोसळून शेजारचा गोठा गाडला गेला, आणि बैल सोडायला आत गेलेला साठीचा माणूस जागीच गेला. पावसाचा अजून पत्ता नव्हता. दरड खोदाईच्या मशीननं पाडली होती.

ज्या घरामागं खोदलं ते एका विधवा बाईचं. वय पन्नाशीचं, मुलगा मुंबईत एका कारखान्यात. त्यानं फोनवरूनच महाडकडचा एक खोदाई ठेकेदार ठरवला होता. अंगणाची उतरती बाजू सपाट करून दोन खोल्यांचा पाया घ्यायचा, एवढं काम. ठेकेदार वजनदार माणूस. पुढाऱ्यांच्या मागंपुढं असायचा आणि आम्हा लोकांना नावानिशी ओळखायचा.

मी पोचलो तेव्हा तो हजरच होता. डंपरसाठी केलेल्या मागच्या वाटेनं त्यानं आम्हाला नेलं, फणसाखाली खुर्ची टाकली, पंचही त्यानंच उभे केले. मी खुर्चीत बसून पंचनामा लिहिला. दरडीची उंची, गोठ्याचं नुकसान, प्रेत कुठं मिळालं ते. आणि आल्या वाटेनं परत गेलो. घराच्या पुढच्या बाजूला पाऊलही टाकलं नाही. ऊन मरणाचं होतं आणि मला घाई होती, याहून दुसरं कारण नाही.

ठेकेदारानं एक कागद दिला. घरामागं खोदायला माझी संमती आहे, दरडीची जबाबदारी माझी, असा मजकूर आणि खाली त्या बाईचा अंगठा. मयताच्या बायकोनं जबाब दिला, "हिनंच मशीन आणलान, हिनंच माजा माणूस घालवलान." मी बाईचं नाव गुन्ह्यात आरोपी म्हणून घातलं. निष्काळजीपणानं मृत्यूस कारण, कलम तीनशे चार अ.

बाईला ठाण्यात बोलावलं. तिला बाकावर बसवून आम्ही आमची कामं करत राहिलो. ही ठाण्याची जुनी रीत आहे. माणूस तासभर नुसता बसला की आतून ढिला पडतो. ही बाई ढिली पडली नाही. दोन तासांनी मी समोर बोलावलं तेव्हा तिनंच मला विचारलं, "सायेब, माजं घर पुढनं बघितलात काय?"

"प्रश्न मी विचारणार," मी म्हणालो. "हा अंगठा तुझा आहे ना?"

"माजाच हाय. पन तवा कागद कोरा व्हता. माप घ्यायला आले तवा घेतलान. मी उमरठला लग्नाला गेलेली दोन दिवस. मशीन सोमवारी येनार बोलला ठेकेदार, नि आनलान शनिवारी. परत आले तर दारात मानूस मेलेला."

कोऱ्या कागदावर अंगठा दिला, हे वाक्य मी नोकरीत शेकड्यानं ऐकलं असेल. मी ऐकून सोडून दिलं. तिकडं वाडीनं तिला वाळीत टाकल्यासारखं केलं होतं. पाणवठ्यावर तिचा हंडा कुणी पुढं येऊ देईना. ज्या माणसाच्या मरणाचा ठपका तिच्यावर, त्याचं घर तिच्या भिंतीला भिंत लावून होतं. तिथं तिला उरलेलं आयुष्य काढायचं होतं.

चौथ्या दिवशी त्या मार्गावरच्या एस.टी.चा कंडक्टर दुसऱ्याच एका भांडणाची तक्रार द्यायला आला. चहा घेता घेता सहज बोलून गेला, "साहेब, सपाट करायचं काम होतं ना तिथं? मग दोन दिवस भरलेले डंपर खाली का उतरत होते? लाल मुरूम होता, चांगल्या प्रतीचा."

जमीन सपाट करताना उंच बाजूची माती सखल बाजूला ओढतात. डंपर भरून खाली जायचं काही कारणच नव्हतं.

मी लगेच जीप काढली, आणि या खेपेला पुढून गेलो.

अंगण पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. खळ्यासारखं साफ केलेलं. गवताची उडवी हलवलेली, केळी कापलेल्या, कोंबड्यांचा खुराडा पडवीत चढवलेला. तुळस मुळाच्या मातीसकट एका जुन्या डब्यात काढून ठेवलेली. खुंट्या ठोकून त्यांना सुतळी बांधलेली. कोपऱ्यात फोडलेल्या नारळाची दोन भकलं, हळदकुंकू, आणि कुदळीचा एकच घाव. आमच्या भागात जागेच्या राखणदार देवाला नारळ दिल्याशिवाय कुणी जमिनीला हात लावत नाही. घरमालक पहिली कुदळ जिथं मारतो तिथूनच काम सुरू होतं. त्या घावापुढं इंचभरही खोदलेलं नव्हतं.

मग मागं गेलो. ढिगाऱ्याच्या कडेनं जळणाची टोकं डोकावत होती. पहिल्या दिवशी ती मी पाहिली होती, पण लाकडं म्हणून सोडून दिली होती. माणसं लावून तिथं उकरलं. छातीभर उंचीची, नीट रचलेली लाकडं, वर गोवऱ्या, त्यावर प्लास्टिक. पावसाच्या चार महिन्यांचं जळण. पोलादपुरात ज्याला कोरडं जळण नाही त्याच्या घरात चूल नाही. जिनं पुढचं अंगण कोंबडीच्या खुराड्यापर्यंत रिकामं केलं, ती मागं मशीन बोलावून आपलं चार महिन्यांचं जळण त्याच्या तोंडी ठेवील?

मयताची बायको कुडाशी उभी राहून सगळं बघत होती. लाकडं वर येऊ लागली तशी ती पुढं आली आणि खाली बसली. "ही आमी दोघींनी रचलीत, सायेब," ती म्हणाली. "अक्षय्य तृतीयेच्या आदी. हिला खोदायचं म्हायती असतं तर हितं ठेवली नसती. आमाला बोलली असती, गोठा रिकामा करा म्हनून." मग ती रडली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, असं वाडीतल्या बायका म्हणाल्या.

मशीन चालवणारा परजिल्ह्यातला होता. त्याला मी दरडीबद्दल काहीच विचारलं नाही. म्हटलं, "नारळ कुठं फोडला होता?"

"पुढच्या अंगणात," तो बोलून गेला. माप घेताना तो तिथंच होता.

"मग मशीन मागं कसं गेलं?"

"मालक म्हणाले, मागं मुरूम झकास आहे. बाई गावाला गेली आहे तोवर तो काढून घे, अंगण काय नंतरही होईल." मुरूम कुठल्या भरावावर पडला तेही त्यानं दाखवलं. ठेकेदाराला बोलावल्यावर तो आधी हसला, मग कुणाकुणाची नावं घेतली. ती नावं मी लिहून घेतली नाहीत, एवढं मात्र त्याला ऐकवलं की त्यातलं एकही नाव दरडीखाली सापडलेलं नाही.

आता खरा पेच माझा होता. दुसरा पंचनामा करायचा तर पहिल्यात अर्धं घर का राहिलं, याचं उत्तर कागदावर आलं पाहिजे. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. "कशाला घोळ घालतोस? बाई आरोपी राहू दे, तीही आणि ठेकेदारही. कोर्ट बघेल काय ते. स्वतःची चूक स्वतःच्या हातानं लिहिलीस तर बचावाचा वकील तुला सोलून काढेल." सल्ला वाईट माणसाचा नव्हता. मला सांभाळून घेण्यासाठीच दिलेला होता. आणि खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी तो मनात घोळवला.

पुरवणी जबाबासाठी बाईकडं गेलो. जबाब झाल्यावर वहीचं पान मिटत मी म्हणालो, "माझं चुकलं, बाई." मला वाटलं होतं, पोलिसाच्या तोंडून एवढं ऐकलं की तिला बरं वाटेल.

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "माजं नाव गुन्हेगार म्हनून तुमी कागदावर लिवलात. तुमचं चुकलं त्ये लिवलात काय?"

जीपमध्ये बसलो तेव्हा हवालदार काहीतरी विचारत होता, ते मी ऐकलंच नाही.

ठाण्यात येऊन स्टेशन डायरी मागवली. लिहिलं की पहिला पंचनामा अपुरा आहे, पंच ठेकेदाराच्या ओळखीचे घेतले गेले, घराची पुढची बाजू मी पाहिली नाही, आणि या सगळ्याची जबाबदारी माझी. खाली सही केली. नवे पंच घेऊन दुसरा पंचनामा केला. बाईचं नाव आरोपीतून काढण्याचा अहवाल कोर्टाला पाठवला आणि ठेकेदाराला अटक केली. पंधरा दिवसांत माझी बदली झाली. बदली अडवण्यासाठी मी कुणाच्याही पायऱ्या झिजवल्या नाहीत. रात्रंदिवस बसून दोषारोपपत्र पुरं केलं आणि कोर्टात दाखल झाल्यावरच पदभार सोडला. माणसाला उचलून दुसरीकडं टाकता येतं, कोर्टात गेलेलं दोषारोपपत्र उचलता येत नाही.

खटल्यात व्हायचं तेच झालं. वकिलानं माझी नोंद मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "म्हणजे आपण स्वतःच निष्काळजी होतात?" मी म्हणालो, "हो." त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. पुढचे त्याचे प्रश्न त्या 'हो'वर येऊन अडखळत राहिले. ठेकेदाराला शिक्षा झाली. फार मोठी नाही, पण झाली. बाई साक्षीला आली तेव्हा मयताची बायको तिच्या शेजारी बसली होती, दोघींचा डबा एकच होता.

त्या केसनं मला शिकवलं ते एवढंच. खोदायला बोलावलेला माणूस असो की तपासाला आलेला, त्याला घरमालकानं नेलं पाहिजे, ज्याचा फायदा आहे त्यानं नव्हे. आणि चूक तोंडानं कबूल करून फक्त आपलं मन हलकं होतं. जिच्यावर ती चूक पडली तिचं ओझं उतरायचं असेल तर ती लिहावीच लागते.

त्या नोंदीबद्दल माझ्या सेवापुस्तकात एक ताकीद आहे. अर्ज केला असतास तर ती निघाली असती, असं पुढं बरेच जण म्हणाले. मी अर्ज केला नाही.