काकूंच्या वरच्या खोल्या

नवऱ्याला मी सगळं सांगते. प्राचार्यांनी कुणाला झापलं, कुणाची पीएच.डी. कुठं अडली, स्टाफरूममध्ये कोण कुणाशी बोलत नाही — पोळ्या लाटता लाटता सगळं. हे नाही सांगितलं. बहिणीला नाही, देवापुढंसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि हे आत ठेवून मला आता जेवण जात नाही, बस्स.

मी नळदुर्गला एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. कॉलेजचं वार्तापत्रही मीच काढते — श्रमसंस्कार शिबिर, युवक महोत्सवातलं बक्षीस, कुणाचा सत्कार, विद्यापीठाची सूचना, सगळं माझ्या टेबलावरून जातं. एप्रिलात जयंतीला समतेवर माझं भाषण ठरलेलं. टाळ्या पडतात. पोरं म्हणतात, मॅडम लई भारी बोलल्या! हे कशाला सांगते मी? स्वतःची लाज काढायला, दुसरं काय.

कॉलेजच्या मागंच आमची कॉलनी. निम्म्या घरांत प्राध्यापक, उरलेल्यांत प्राध्यापकांचे घरमालक. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज दिवसभर येतो, पण कुणाच्या घरी काय शिजतं तेही सगळ्यांना ऐकू येतं. माझ्या शेजारी काकू राहतात, एका हेडमास्तरांच्या पत्नी. त्यांच्या वरच्या दोन खोल्या त्या नेहमी कॉलेजच्या माणसांना देतात. नोकरीच्या सुरुवातीला मीच त्या खोल्यांत सहा वर्षं होते. माझ्या पोराला न्हाऊमाखू काकूंनी घातलं, मला डिंकाचे लाडू काकूंनी वळून दिले. माहेर लांब, म्हणून काकू हेच माहेर. कंपाउंडच्या भिंतीवरून अजूनही वाटीतून भाजी येते-जाते.

पाच वर्षांपूर्वी भूगोलाला मनीषा आली. बारीक अंगाची, चटचट चालणारी, खळखळून हसणारी. सासर उमरग्याच्या पलीकडं एका खेड्यात, नवरा पुण्यात कंपनीत, आणि पदरात सात महिन्यांची मुलगी. तिचं म्हणणं एकच होतं — कॉलेजला लागून खोली पाहिजे. सासूबाई आणि लेकरू इथं आणायचं. दोन तासांच्या मध्ये घरी जाऊन लेकराला पाजून यायचं. एवढंच. जास्त काही मागितलं का तिनं? सांगा तुम्ही.

मीच तिला काकूंकडं घेऊन गेले. काकूंना ती लगेच आवडली. ती पाया पडली, काकूंनी चहा केला, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं, छताची कडी दाखवली — "हितं पाळणा बांधा, वारं चांगलं येतंय." मनीषानं कडी हलवून बघितली. चार तारखेला येऊन दूध उतू घालायचं ठरलं.

संध्याकाळी काकू भिंतीपाशी मेथी निवडत उभ्या होत्या. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते.

"काय गं, त्या तुझ्या मॅडम — आपल्यातल्याच हायत न्हवं?"

आपल्यातल्या. हा शब्द कळायला आमच्या जिल्ह्यात शाळेत जावं लागत नाही. मनीषाचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यातून काही कळत नव्हतं. पण मला माहीत होतं. तिचं घर बौद्ध, आजोबांच्या काळापासून. मला तिनं सांगितलेलं नव्हतं — कागदपत्रं तपासायच्या समितीत मी होते. तिचा जातीचा दाखला माझ्या हातातून गेला होता, खाली माझी सही होती. आणि त्या फायलीतलं मी बाहेर बोलायचं नसतं, हेही मला चांगलं माहीत होतं.

काय म्हणता आलं नसतं मला? "माहीत नाही काकू" म्हणता आलं असतं. "व्हय" म्हणून कपडे घेऊन आत जाता आलं असतं. "तुम्हाला कशाला पाहिजे ते?" — हे तर मी वर्गात दहा मार्कांना शिकवते!

मी म्हणाले, "नाहीत."

थांबा — एवढ्यावर सोडू नका मला. काकू मेथीची काडी हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या, तेव्हा मी भिंतीजवळ गेले, आवाज खाली केला आणि कोण ते नीट सांगितलं. आणि वर म्हणाले, "मी सांगितलं म्हणू नका."

ते तीन-चार शब्द. जीभ झडली का नाही माझी तेव्हा?

दुसऱ्या दिवशी काकूंनी मनीषाला फोन केला — भाच्याची बदली झाली, खोल्या लागणार. गुरुवारच्या भजनात काकू बोलल्याच असणार, कारण आठवड्यात सगळ्या कॉलनीला ठाऊक झालं होतं.

का केलं मी? कुणी धमकी दिली होती? छे. उद्या काकूंना कळलं असतं आणि त्या म्हणाल्या असत्या, "तुला ठाऊक होतं आन् तू बोलली न्हाईस?" — एवढीच भीती. भिंतीवरून येणारी वाटी बंद होईल ही भीती. एका वाटीभर आमटीसाठी मी त्या लेकराचा पाळणा सोडवला. हे कारण म्हणून सांगत नाही. एवढं हलकं होतं ते, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

आणि पुढं जे केलं ते त्याहून वाईट. लागोपाठ दोन रविवार मी मनीषाला घेऊन खोल्या बघत हिंडले. डोक्यावर छत्री, हातात पाण्याची बाटली. सात घरं झाली. प्रत्येक दारात तेच — "आवो, काल्लाच दिली की!" आणि दरवेळी मी साळसूदपणे कपाळाला हात लावायचे, "अगंबाई, तुझं नशीबच बघ कसं!" बेइमान बाई. शेवटी तीच मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता?" दारं का बंद होतायत हे तिला कळत नव्हतं असं समजू नका. तिला ते पहिल्या दारातच कळलं असणार. मी कोण आहे, तेवढं कळलं नव्हतं.

मग तिचं सासरच्या खेड्यातून रोजचं जाणं-येणं सुरू झालं. अंधारात घर सोडायचं, उमरग्याला गाडी बदलायची, साडेसातच्या तासाला नळदुर्गात. अकरा वाजले की तिचा ब्लाउज ओला व्हायचा. लेडीज रूमच्या बेसिनमध्ये ती दूध पिळून टाकायची, आणि दाराबाहेर कुणी येऊ नये म्हणून मी उभी राहायचे. आतून नळाचा आवाज यायचा. मी रोज उभी राहायचे हो! मैत्रीण म्हणून.

दीडेक वर्षानं तिनं स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितलं, "आमची पोरगी आज्जीला आई म्हणते, आन् मला मनीषा!" सगळे हसले. मीपण हसले. मग तास होता, वर्गात गेले, हजेरी घेतली, आणि पोरांना म्हणाले, आज वाचत बसा. ती पोरगी आता शाळेत जाते. अजून मनीषाच म्हणते.

सांगायचं ठरवून मी एकदा एसटी स्टँडवर गेले होते. ती बाकावर बसलेली, मी शेजारी बसले. "मनीषा, त्या काकूंच्या खोल्या..." एवढं म्हणाले. तर ती म्हणते, "जाऊ द्या ना मॅडम, किती दिवस धरून बसताय ते!" आणि हातातला पेरू फोडून अर्धा मला दिला. मी खाल्ला. गाडी लागली, ती गेली. तेवढीच काय ती माझी हिंमत.

गेल्या महिन्यात तिची दुसरीकडं निवड झाली, सासरपासून जवळ. जाणाऱ्या प्राध्यापकाचं मनोगत आम्ही वार्तापत्रात छापतो. तिचा हातानं लिहिलेला कागद माझ्या टेबलावर आला. किल्ल्यावरच्या सहली, नकाशांची खोली, विद्यार्थी — आणि खाली माझं पूर्ण नाव. या गावात मला घर मिळालं नाही, पण माझ्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरणाऱ्या मॅडम मिळाल्या, मी जन्मभर त्यांची ऋणि आहे, असं.

तीनदा वाचलं. जागा कमी पडली म्हणून तेवढं गाळता आलं असतं, कुणी विचारलं नसतं. फोन उचलून तिला सांगता आलं असतं — नंबर पाठ आहे. शिपाई दारात उभा होता, प्रेसला पान द्यायचं होतं.

'ऋणि'ची वेलांटी तिनं पहिली दिली होती. मी लाल पेनानं ती दुसरी केली आणि पान पाठवून दिलं.