ग्रेस मॅडमची केमिस्ट्री

एक बरं आहे, किस्से गोळा करायला व्हिसा लागत नाही! इथे आखातात, सनाबिसमधल्या आमच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये दहाचा चहा आला की कुणीतरी सुरू होतंच. सगळ्यांत मोठा साठा आमच्या सीनियर केमिस्टचा, डॉ. ग्रेसचा. बाई मूळच्या घानाच्या, शिक्षण इंग्लंडमध्ये. वर्गात ऐंशी जण, त्यात काळ्या मुली तीन.

*

पहिलं प्रॅक्टिकल. गोऱ्या मुलांनी पटापट आपापले पार्टनर निवडले. उरल्या या तिघी. केवढी सोय! तिघींनी टायट्रेशन केलं, रीडिंग तंतोतंत आलं. सर संशयाने म्हणाले, "कुणाचं बघून लिहिलंत?"

"कुणाचं बघणार सर? बाकी सगळ्यांचं चुकलंय!"

*

दुसरे सर फारच कनवाळू. पहिल्या टेस्टच्या आधीच त्यांनी ग्रेसला केबिनमध्ये बोलावलं. "केमिस्ट्री जड जाईल तुला. एखादा सोपा विषय घे ना."

"तुम्ही कुठला घेतला होता सर?"

*

प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये यांना कुणी घेत नसे. पण युनिव्हर्सिटीच्या माहितीपुस्तकात फोटो छापायचे ठरले, तेव्हा तिघी सगळ्यांत पुढे! समोर मायक्रोस्कोप.

"आमच्या कोर्सला मायक्रोस्कोप लागतच नाही," ग्रेस म्हणाली.

फोटोग्राफर म्हणाला, "तुम्ही फक्त हसा."

*

आमचा ड्रायव्हर सावंत, गुहागरचा. मॅडमना इथे राहून हिंदी कळायला लागलंय, म्हणून एकदा त्याला राहवेना. "मॅडम, इतना सब हुआ, तो छोड के वापस क्यूँ नहीं गया?"

"एकदा बॅग भरली होती रे," ग्रेस म्हणाली. "त्या दोघी दार अडवून बसल्या. म्हणाल्या, आधी उद्याचा पेपर दे, मग खुशाल जा."

दर रविवारी तिघी जुने पेपर सोडवायच्या. एकीचं अडलं की दोघी शिकवायच्या, तिला येईपर्यंत उठायचं नाही. शेवटच्या वर्षी तीच गोरी मुलं दार वाजवायला लागली. "जागा आहे का?"

"आहे की! मागे बसा!"

*

ती इथे रुजू झाली तो किस्सा मात्र ती सांगत नाही. मलाच सांगावा लागतो.

"इंग्लंडहून डॉक्टर मॅडम येतायत," साहेबांनी सांगितलं होतं. मी चिपळूणची असले तरी मॅनर्स आहेत मला! येताना वाटेत माहूजला गुच्छ घेतला, ठेवणीतली साडी नेसले होतेच, रिसेप्शनला जाऊन उभी राहिले. शेजारी एक काळी बाई येऊन थांबली. मी म्हटलं, "प्लीज, जरा बाजूला व्हाल? आमच्या मॅडम येतायत."

ती बाजूला झाली. माझ्यासारखीच दाराकडे बघत राहिली. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं.

मग घड्याळ बघून म्हणाली, "त्यांना उशीर होतोय वाटतं. तोवर मी काम सुरू करू का?"